शेळ्यांनी खाल्लेली ढोरगुंज

ज्ञानेश्वरी चहात साखर किती घालू, हे दोनदा विचारायची आणि शेवटी स्वतःच्याच अंदाजानं घालायची. कुठलंही पान दिसलं की चुरगाळून हुंगायची; एकदा लग्नाच्या मांडवातलं तोरणही तिनं सोडलं नाही. चटणीच्या बरणीवर तारीख टाकायची. रस्त्यात शेळी दिसली की जिभेनं टकटक आवाज काढायची. विनोद सांगण्याआधीच हसायची.

छावणी भागात आम्ही दोघी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. मी मराठीत एम.ए. करत होते. ती विद्यापीठात ढोरगुंजीवर, म्हणजे रानात उगवणाऱ्या अश्वगंधेवर, पीएच.डी. करत होती. त्या पानांचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर काय करतो, हे तिला बघायचं होतं.

पहिल्या चाचणीत पेशींची वाढ थांबली. मी पेढे आणायला निघाले. तिनं माझा हात धरला.

"बशीतल्या पेशी आहेत त्या. माणूस नाय. आणि एकदाच झालंय."

तेच पुन्हा झालं तरच त्याला अर्थ होता. त्यासाठी त्याच झाडांची नवी पानं हवी होती.

झाडं चिकलठाण्याला, एका बंद कारखान्याच्या मागं होती. आजूबाजूला इमारती उठत होत्या. तिचे सर म्हणाले, "कुंपण घालून घ्या."

"कशाला, सर? शेळी ढोरगुंजीला तोंड लावत नाय. आमच्या घरात सगळ्यांचा जन्म शेळ्यांमागं गेलाय."

कुंपण घातलंच नाही.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. पानं तोडायला आम्ही गेलो, तर तिथं पानच नव्हतं. नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि काड्यांमध्ये शेळ्या. ज्ञानेश्वरीनं जिभेनं टकटक केलं. सगळ्या शेळ्या धावत तिच्याकडं आल्या.

"आबा?" ती बाभळीकडं बघून म्हणाली.

बाभळीखाली तंबाखू मळत तिचे वडील बसले होते. मल्हारराव. गावाकडं, देवगाव रंगारीत, पाणी संपलं, म्हणून ते शेळ्या घेऊन मेव्हण्याकडं आले होते. लेक काळजी करील म्हणून तिला कळवलं नव्हतं.

"इथंच का सोडल्या, आबा?"

"ढोरगुंज दिसली म्हणून. म्हटलं, ह्याला काय त्या तोंड लावत नायत. कुणाचं नुकसान व्हायचं नाय."

ज्ञानेश्वरी मटकन खाली बसली. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"तुमच्या शेळ्यांनी माझी पीएच.डी. खाल्ली."

"मंग दूध पी, माय. त्यात उतरली आसंल."

मल्हारराव तिथंच राहिले. बांधकामावरच्या टँकरचं गळणारं पाणी डब्यात धरून ते काड्यांना घालायचे. स्वतःच्याच शेळ्यांना शिव्या देत त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. काड्यांना पालवी फुटली. चाचणी पुन्हा झाली. पेशी पुन्हा थांबल्या, आणि या वेळी कमी अर्कात.

पेढे तिनंच आणले. घरमालकिणीला दिले, दूधवाल्याला दिले, एक शेळीलाही दिला.

पण तिला नवाच प्रश्न पडला होता. हा जोर आला कुठून? टँकरच्या पाण्यानं की शेळीच्या चाव्यानं?

"कात्रीनं छाटून बघा," सर म्हणाले.

"कात्रीला थुंकी नसते, सर."

तिनं अर्धी झाडं कुंपणात ठेवली, अर्धी शेळ्यांसाठी मोकळी. पाणी दोन्हीकडं सारखंच. पुढच्या वर्षी मात्र भरपूर पाऊस झाला. तोवर गावी परतलेले मल्हारराव खास टेम्पोनं शेळ्या घेऊन आले. शेळ्यांनी ढोरगुंज हुंगली आणि शेजारच्या गवताला लागल्या. ज्ञानेश्वरीनं पानांवर मिठाचं पाणी शिंपडलं. त्यांनी मीठ चाटलं, पान सोडलं.

"खा की गं बायांनो," ती हात जोडून म्हणाली.

"पोट भरलंय त्यांचं," मल्हारराव म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दोन चाचण्यांवर तिची पीएच.डी. झाली. आता ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत असते. मल्हारराव शेळ्या घेऊन चिकलठाण्याला आले की फोनवर विचारते, "आबा, खाल्ली का?"

"नाय, माय. हिरवं लई हाय."

चाव्याचा प्रयोग तसाच राहिलाय. अर्धी झाडं अजून मोकळी आहेत.