डीटरची ड्राय बाटली

डिसेंबर २०२३. सिंगापुरात पावसाचे दिवस. याच महिन्यात माझ्यावर डीटरचं देणं चढलं, आणि जानेवारीत तो कायमचा जर्मनीला निघाला होता.

पण आधीचे किस्से सांगितले पाहिजेत. किस्से कपाटात कोंबलेल्या पिशव्यांसारखे असतात. एक ओढली की चार बाहेर पडतात.

मी जहाजावर सारंग होतो, म्हणजे खलाशांचा मुकादम. पाटणकर चीफ इंजिनिअर. डीटर जहाजांची तपासणी करायचा. आमच्याच ब्लॉकमध्ये, खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. रविवारी तिघे बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला. मासे माझे, वाइन त्याची. पांढरी, जर्मन, ड्राय. ड्राय म्हणजे गोडवा नाही.

फुकटचं मी कुणाचं घेत नाही. मासे देतो, वाइन पितो. बरोबरी.

*

पहिल्याच रविवारी पाटणकरांनी घोट घेतला आणि माझ्या सुनेला हाक मारली. "सूनबाई, साखर आणा! लिंबू पिळलंय, साखर राहिली!"

डीटरने त्यांचा ग्लास उचलून स्वतःपुढे ठेवला. "चीफना चहा द्या."

मी रव्यात तळलेली सुरमई खाल्ली, वर घोट घेतला. तोंड स्वच्छ. पुन्हा सुरमई, पुन्हा घोट.

पाटणकर बघत होते. म्हणाले, "माझा ग्लास इकडे द्या!"

*

मग प्रयोग सुरू झाले. कोथिंबीर वडी पास. नारळाच्या रसातली कोळंबी फर्स्ट क्लास! मालवणी तिखट रस्सा नापास. डीटरचा चेहरा लालबुंद, आणि वाइनने आग वाढतच गेली.

होळीला पाटणकरांनी हट्टाने पुरणपोळीवर घोट घेतला. तोंड वाकडं. "बाटली आंबली!"

"बाटली चांगली आहे," डीटर म्हणाला. "पोळी बाजूला ठेवा."

सूनबाईने बाटली बाजूला ठेवली.

*

एकदा हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, गेलो. चिकन राइस, आल्याची चटणी, प्लॅस्टिकच्या कपात वाइन. नात लाजली. "आजोबा, सो शो-ऑफ, लाह!"

चटणी संपली म्हणून मी स्टॉलवरच्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने वाटी भरली, आणि दुसऱ्या हाताने रिकामा कप पुढे केला.

*

डिसेंबरात माझा वाढदिवस. डीटर धुळकटलेली बाटली घेऊन आला. त्याची मुलगी जन्मली त्या वर्षाची.

"शेवटची," म्हणाला, आणि उघडली.

पाटणकरांनी ग्लास नाकाशी नेला आणि ताडकन उभे राहिले. "थांबा! कुणी पिऊ नका! डिझेल आहे! टाकी न धुता भरलीय!"

डीटर हसून हसून रडला. "ही वाइन चांगली मुरली की असाच वास येतो, चीफ!"

"म्हणजे इंजिन रूममध्ये मी जन्मभर सुगंधात होतो म्हणा की!"

सगळे हसले. मी हसलो नाही. मुलीच्या वर्षाची शेवटची बाटली माझ्यासाठी फोडली. हे सुरमईने फिटत नाही.

*

जानेवारी. डीटर निघायचा आदला दिवस.

शेजाऱ्याचं भांडं आमच्यात रिकामं परत करत नाहीत. ती बाटली मी धुऊन, वाळवून ठेवली होती.

फ्रिजमध्ये मागे कोकमाचं आगळ होतं. बायकोने केलेलं, मिठातलं, काळंभोर झालेलं. ती गेल्यापासून मी कुणाला हात लावू दिला नव्हता. ते बाटलीत ओतायला घेतलं.

पाटणकर बघत होते. "सारंग, सगळं?"

"सगळं."

बूच लावलं आणि खाली गेलो. डीटर बॅग भरत होता. बाटली हातात दिली.

"काय आहे?"

"बायकोने केलेलं. शेवटचं."

पाणी घाल, असं मी सांगणार, तोवर त्याने ग्लासात थोडं ओतलं. आधी वास घेतला. मग घोट. डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला.

"ड्राय," म्हणाला.

बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून त्याने बॅगेत मधोमध ठेवली.

फिटलं.