उखर्डूनं बांधलेला फ्रिज

केळीची गाडी भरावी तर उखर्डूनंच, हे रावेरचे बागाईतदार मानत, व्यापारी मानत आणि सगळ्यांच्या आधी खुद्द उखर्डू मानायचा. आपण रचलेला घड दिल्लीपर्यंत कूस बदलत नाही, असं तो चारचौघांत मिशीवर हात फिरवत सांगे. त्यामुळे शहाण्णव सालच्या डिसेंबरात आरोग्य केंद्रातल्या नर्स कुंदाबाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्याला फारसं नवल वाटलं नाही.

बाईंची अडचण जगावेगळी होती. केंद्राला जीपच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा फ्रिज मिळाला होता. सातपुड्यातल्या पाड्यावर पोलिओचे डोस थंड न्यायचे, एवढंच त्याचं काम. पण नाल्यातले धोंडे लागले की हे महाशय जीपभर लोळण घेत. एकदा वायर निसटली, एकदा झाकण उघडलं. दोन्ही वेळा डोस बाद झाले आणि पोरं कडेवर घेऊन बसलेल्या बाया तशाच घरी गेल्या.

"आता तिसऱ्यांदा असं झालं ना उखर्डूभाऊ, तर तिथली एकही आई पोराला घेऊन येणार नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, माह्यी केयी दिल्लीले जाते, तिले डाग पडत नाही. तुमचा फ्रिज तं अठीच चालला, पाड्यावर!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कामाला लागला. केळीच्या खोडाचे जाड तुकडे कापून त्यानं फ्रिजखाली अंथरले, दोन्ही कुशींना दाबून बसवले आणि जीपच्या लोखंडी दांड्यांना दोर आवळला. ड्रायव्हर लीलाधरनं खांदा लावून ढकलून पाहिलं. फ्रिज तसूभर हलेना. इथंच थांबला असता तर आमचा उखर्डू शहाणा ठरला असता. पण कौतुक झालं की त्याच्या हातांना खाज सुटे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं फ्रिजभोवती केळीच्या ओल्या पानांचे थर लावले, वरून गोणपाट गुंडाळलं आणि तापमानाचा काटा दिसेल एवढीच फट ठेवली.

"इतकं तं नवरीले नटवत नाही रे भाऊ," लीलाधर हसला. कुंदाबाईंना मात्र ते पटलं. बर्फाची लादी गोणपाटातच गुंडाळून आणतात की! दोर ढिला पडलाच तर आवळायला म्हणून उखर्डूही मागं चढून बसला.

पाल गाव मागं पडलं आणि नाले सुरू झाले. माणसं छपराला डोकी आपटत होती, फ्रिज मात्र ढिम्म. उखर्डू ऐटीत विडी काढणार, तोच बाई ओरडल्या, "अहो, काटा चढतोय!" निघताना काटा पाचावर होता, आता सातावर आला होता. आठाच्या वर गेला की डोस बाद. बघता बघता तो आठाला टेकला.

लीलाधरनं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. "बाई, फिरू का माघारी?"

बाईंची नजर काट्यावरून हलेना. उखर्डूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं घाईघाईनं फ्रिजच्या पाठीमागं पानांच्या आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. ही ऊब त्याच्या ओळखीची होती. घड दाटीनं रचले आणि वारा कोंडला की आतला माल असाच तापतो. म्हणून तर गाडी भरताना मधून हवेला वाट ठेवायची, हे त्यानं आजवर शंभर जणांना शिव्या घालून शिकवलं होतं.

"मी तं निरा येडा! याले दम घ्याले जागा पाह्यजे, अन् म्या त्याचं नाकतोंड दाबलं!"

त्यानं गोणपाट फाडलं, पानं ओरबाडून रस्त्यावर फेकली. खाली आणि कुशींना खोडाचे तुकडे राहू दिले, फ्रिज जिथून गरम हवा बाहेर टाकतो ती पाठ तेवढी मोकळी केली. मग तिघंही एकमेकांच्या खांद्यावरून काट्याकडे बघत बसले. काटा बराच वेळ आठावर अडून राहिला. मग हळूच सातावर आला. सहावर आल्यावर बाई खुदकन हसल्या. उखर्डूनं मात्र पाडा येईपर्यंत मिशीला हात लावला नाही.

पाड्यावर आधी चारच बाया आल्या, त्याही लांब उभ्या राहिल्या. या वेळी डोस गारच आलेत हे पटावं म्हणून बाईंनी बाटली एका म्हातारीच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं दचकून हात झटकला, हसली आणि झोपड्यांकडे तोंड करून हाका मारायला लागली. घटकाभरात मोठी रांग लागली. तोंडात थेंब पडला की एकेक पोर असं तोंड वाकडं करी की सगळ्यांना हसू फुटे.

उखर्डू दगडावर बसून बघत होता. तीस वर्षं त्यानं गाड्या भरल्या होत्या. गाडी वळणाआड गेली की त्याचं काम संपे. आपला माल कुठं उतरतो, कुणाच्या तोंडात पडतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"चला उखर्डूभाऊ, लई उशीर झाला," लीलाधरनं हाक मारली.

"थांब ना रे," तो म्हणाला. "बठ्ठी पोरं व्हवू दे. शेवटलं पोर पाहू दे मले."