माहेराकडे तोंड केलेली अँटेना

केबलवाल्याचं चुकलं ते एवढंच, की त्यानं खरं तोंडावर बोलून दाखवलं. मराठी चॅनेलं नेहमीच्या पॅकमधून काढली होती. हवी असतील तर त्यांचं वेगळं पॅक आणि वेगळे पैसे. वडिलांनी विचारलं, आधी होती ती गेली कुठे? तो दारात उभ्या उभ्या मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "बाबूजी, इधर मराठी देखता कौन है?"

वडील आत गेले, टीव्हीमागची वायर उपसली, केबलचा डबा आणून त्याच्या हातात ठेवला आणि दार लावून घेतलं. बिल तसंही वाढतच चाललं होतं, नाकापेक्षा मोती जड झालाच होता. पण डबा पैशासाठी गेला नाही, त्या एका वाक्यापायी गेला. मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा आई बंद टीव्हीसमोर बसली होती आणि वडील माळ्यावर काहीतरी शोधत होते.

दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. सगळ्यात आधी गेली ती हिंदी. उभा जन्म हिंदी मुलखात, बुऱ्हानपुरात काढलेली ही बाई भाजीवालीशी, बोहरी दुकानदाराशी, सरकारी दवाखान्यातल्या नर्सशी हिंदीत असं भांडायची की समोरच्यानं हात जोडावेत. आता कोणी हिंदीत विचारपूस केली तर ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघायची. मराठी मात्र कुठेतरी शिल्लक होती. आमच्याशी 'हं' आणि 'नको' एवढंच. पण संध्याकाळी सातला मराठी मालिका लागली की ती त्यातल्या बायकांशी बोलायची. "अगं, तिचं ऐकू नको." "आधी चहा टाक, मग रड." अख्खी वाक्यं, क्रियापदासकट. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. आम्हाला सोडून टीव्हीतल्या सासवा-सुनांशी बोलते याचा मला रागही यायचा, आणि रोज साताची वाटही मीच बघायची.

तिचा व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. त्या म्हणाल्या होत्या, "बोलतात तोवर बोलू द्या. सवय सुटली ना, तर परत आणणं फार कठीण." वडिलांनी ते वाक्य ऐकलं होतं. म्हणजे डबा परत करताना आपण काय परत करतोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही केला. आमच्या घरात अक्कल भरपूर आहे, पण ती रागाच्या मागून येते. मीही त्याच मातीची, म्हणून बोलायची सोय नाही.

मी म्हटलं, पॅकचे पैसे माझ्या पगारातून देते. वडील उसळले, "मी मेलो नाही अजून." मी आईच्या हातात मोबाइल ठेवला, त्यावर मराठी लावून दिलं. तिनं तो पालथा करून उशीखाली सारला. मग मी म्हटलं, फुकटची सरकारी डिशची छत्री मिळते, ती बसवू. वडील म्हणाले, "छत्रीचं तोंड आभाळाकडं. आपल्याले जळगाव पाहिजे. आधी माझं होऊ दे, मग तुझी छत्री लाव."

हे 'जळगाव पाहिजे' म्हणजे काय, ते आमच्या घराबाहेरच्याला कळणार नाही. माझ्या लहानपणी गल्लीतल्या सगळ्या अँटेना एकाच दिशेला बघायच्या, हिंदीकडे. आमची एकटी तापीच्या खालच्या अंगाला तोंड करून उभी असे. तिकडे रावेर, त्यापुढे भुसावळ, त्यापुढे जळगावचा मनोरा. तिथून वारा बरा असला तर मराठी यायचं, पडद्यावर खरखरणाऱ्या मुंग्यांच्या आडून, कधी नुसता आवाज, कधी नुसतं चित्र. आईचं माहेरही रावेरच्या बाजूचं. वडील गच्चीवर बांबू फिरवायचे आणि ओरडायचे, "तुझ्या माहेराकडं तोंड केलं बरं का! आता तरी येऊ राहिलं का?" गल्लीत आमच्या घराला उलट्या अँटेनाचं घर म्हणत. शेजारणी हसायच्या, आणि गणपतीत मराठी कार्यक्रम असला की पाट घेऊन आमच्याकडेच येऊन बसायच्या.

या कामाला तीन माणसं लागत. वडील गच्चीवर, आई टीव्हीसमोर, आणि मी मधे जिन्यात. वरून प्रश्न यायचा तो मी खाली द्यायचा, खालून उत्तर यायचं ते वर. "आलं का?" "मुंग्या आहेत." "आता?" "आलं, आलं! गेलं." "आता?" "आलं! थांबा, आता हलवू नका." आईचं ते 'आता हलवू नका' ऐकलं की वडील सुतळी घट्ट बांधून खाली यायचे.

तीच अँटेना त्यांना परत बनवायची होती. जुनी केव्हाच भंगारात गेली होती. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला, ऐंशीच्या घरातला माणूस, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. पण हातात करवत घेतली की पोरगा व्हायचा. मच्छरदाणीच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या कापल्या. मधली नळी चिमट्यासारखी वाकवायची असते, आणि नुसती वाकवली तर ती चेपते. म्हणून सकाळच्या फेरीत तापीच्या राजघाटावरून बारीक वाळू रुमालात बांधून आणली, नळीत ठासली आणि उखळाभोवती हळूहळू वळवली. दापोऱ्याच्या चुलतभावानं केळीला टेकू देतात त्यातला एक सरळ बांबू पाठवला. ओसरीत माशाच्या काट्यासारखं सगळं मांडलेलं असायचं आणि आई खुर्चीतून ते बघत असायची. त्या दिवसांत ती 'हं' सुद्धा म्हणत नव्हती.

चपटी वायर आणायला मी चौकातल्या दुकानात गेले. दुकानदारानं ती खालच्या खणातून धूळ झटकत काढली आणि विचारलं, कशाला हवी? मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "दीदी, वो टावर तो कब के बंद हो गए."

मी घरी येऊन वडिलांना तसंच्या तसं सांगितलं. आडवळणानं सांगणं मला जमत नाही. त्यांनी वायर हातात घेतली, ताणून बघितली आणि म्हणाले, "इकडचा बंद असंन. जळगाववाला नाही. तिकडं मराठी सरकार आहे, ते काहून बंद करतीन?"

पिढ्यान् पिढ्या इकडच्या राज्यात राहिलेल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे. इकडे जे जे बिघडतं ते तिकडे धड असणार, असं तो मनाशी धरून बसतो. तिकडे जाऊन कधी बघत नाही.

बांबू उभा राहिला तेव्हा नवतपा लागला होता. झळांनी केळीची पानं करपतात ते दिवस. संध्याकाळी सातलाही गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. नवा टीव्ही सिग्नल नसला की नुसता निळा होऊन बसायचा, म्हणून वडिलांनी माळ्यावरचा जुना खोक्याचा टीव्ही उतरवला. "हा मुंग्या तरी दाखवते. किती लांब आहो ते समजते." आईची खुर्ची त्याच्यासमोर सरकवली. मला जिन्यात उभं केलं. पन्नाशी उलटलेली, चौथीच्या पोरांना दरडावणारी मी, पुन्हा त्याच पायरीवर.

"आलं का?" वरून.

"आई, आलं का?" मी.

आई काही बोलली नाही. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. मीच वर सांगितलं, नाही आलं. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. वडील बांबू तसूभर फिरवायचे, वाट बघायचे, पुन्हा फिरवायचे. खाली उतरले की त्यांचा सदरा पिळून घ्यावा असा भिजलेला असायचा. शेजारचे लोक त्यांच्या गच्चीवरून बघायचे. मला त्या बांबूची लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग यायचा.

मग एका संध्याकाळी वडिलांचा पाय वर घसरला. पडले नाहीत, पण पाण्याच्या टाकीवर त्यांचा हात आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला. मी वर धावणार, तेवढ्यात खोलीतून आवाज आला.

"आलं! थांबा, आता हलवू नका."

स्पष्ट. पूर्वीसारखा. मी दोन पायऱ्या एकदम उतरत खोलीत गेले. पडद्यावर मुंग्याच होत्या. आई पडद्याकडे बघतही नव्हती, तिची नजर छताकडे होती. "खाली या आता," ती म्हणाली, "झळ लागंन."

वडील खाली आले. त्यांनी पडदा बघितला. डोळे अधू झाले असले तरी मुंग्या आणि माणसं यांतला फरक त्यांना दिसत होता. ते तिच्याजवळ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आलं ना? मी म्हणलंच होतं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. किती महिन्यांनी ती आमच्यापैकी कोणाशी तरी बोलली होती.

त्यानंतर मी छत्री बसवूनच घेतली. वडिलांनी आता हरकत घेतली नाही. नव्या टीव्हीवर मराठी लख्ख आलं. आई ते बघायची, पण गप्प राहून. त्या बायकांशी तिचं बोलणं संपलं होतं. सात वाजत आले की ती मान वळवून जुन्या खोक्याकडे बघायची, आणि वडील चप्पल घालून वर निघायचे. काही येणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं. वडील बांबू फिरवायचे, मी मधे उभी राहायची, आणि कधी लगेच, कधी बराच वेळ थांबून, आई त्यांना खाली बोलवायची. कधी आणखी एखादं वाक्य जोडायची. "आज लई वारं आहे." "सुतळी बांधली का?" दिवसभरात ती तेवढंच बोलायची, आणि आमचं घर तेवढ्यावर चाललं होतं.

अशा गोष्टी टिकत नाहीत. एका दुपारी वाऱ्यानं बांबू कलला. मी शाळेच्या कामाला गेलेली. वडील भर उन्हात वर जाऊन तो बांधत बसले. मी आले तेव्हा ते टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसले होते आणि मला ओळखत नव्हते. दवाखान्यात सलाइन लागलं. घरी आणल्यावरही कितीतरी दिवस अंथरुणावर होते. डॉक्टरांनी जिना बंद केला.

त्या दिवसांत संध्याकाळी मी वर जायची. बांबू फिरवायची आणि जिन्यातून ओरडायची, "आई, आलं का?" उत्तर नाही. मी धडपडून आवाज केला, टाकीवर पत्रा आपटला, उगाच "आई गं" म्हणून बघितलं. काही नाही. खाली येऊन बघितलं तर ती वडिलांच्या रिकाम्या चपलांकडे बघत बसलेली. मला वाईट वाटलं, आणि मी ते लपवत नाही. पोटच्या पोरीला गच्चीवरून खाली बोलवावंसं तिला वाटलं नाही. रोजचं तिचं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं माझ्या हातांनी होत होतं. पण तिचा आवाज माझ्यासाठी नव्हताच.

व्यायामाच्या बाई एकदा आल्या, तिच्या गळ्याला हात लावून त्यांनी काहीतरी म्हणायला सांगितलं. ओठ हलले. आवाज आला नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी आवरायला घेतली.

पाऊस चांगला बसल्यावर वडिलांना जरा बरं वाटू लागलं. एका संध्याकाळी त्यांनी चपला मागितल्या. मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणालेत. ते म्हणाले, "डॉक्टरच्या घरी बोलणारी बायको असंन." मी त्यांच्या कोपराला धरून एकेक पायरी चढवलं, वर नेऊन बांबू हातात दिला आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहिले.

"आलं का?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आई, आलं का?"

आई मुंग्यांकडे बघत होती. मी पुन्हा विचारलं. तिनं छताकडे बघितलं. तोंड उघडलं, तसंच थोडा वेळ उघडं राहिलं, आणि मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला डावा हात उचलला, तो अर्ध्यावरूनच खाली आला.

वरून पुन्हा, "दिसू राहिलं का?"

मला 'आलं' म्हणता आलं नाही आणि 'नाही आलं' हेही म्हणता आलं नाही. वर बांबू कुरकुरत राहिला. मग तो थांबला, आणि वडील भिंत धरून, कोणी न बोलावता, स्वतःच खाली उतरले. माझा हात त्यांनी बाजूला केला. स्टूल ओढून आईला खेटून बसले, तिचा गेलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि पडद्यावरच्या मुंग्यांकडे बघत राहिले.

"आलं बरं का," ते तिला म्हणाले. "नाही हलवत आता."