यासीनभाईची घोडी आणि मी टाकलेलं गवत

हो, गोल्फ कोर्सवरच घोडे होते. त्यात हसण्यासारखं काय आहे?

ओमानमध्ये, अल अमेरातच्या पुढे चुनखडीचे बोडके डोंगर. त्यांच्या मधोमध आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, आजोबांपासूनचं घोड्यांचं मैदान. गोल्फवाले नंतर आले. मैदानावर गवत लागलं, तबेला कोपऱ्यात राहिला.

तबेला यासीनभाईकडे. माथेरानचा माणूस, घोड्यांतच वाढलेला.
गवताचं पाणी आणि कापायची मशीन माझ्याकडे. वादी अदाईला एकाच रूमवर राहायचो.

यासीनभाई काल वारला. नेरळला, मुलाकडे.

मुलाने ग्रुपवर लिहिलंय, "अब्बांच्या हातून ओमानमध्ये एक घोडी दगावली, ते त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं."

सकाळपासून चार वेळा फोन उचलला, चार वेळा ठेवला.

अब्बांच्या हातून नाही रे बाबा. माझ्या हातून.

२०१४चा उन्हाळा. नूरा म्हणून म्हातारी घोडी होती. यासीनभाई तिला सुकं गवत घालायचा, तेही मोजून. मला वाटायचं, उपाशी मारतोय. आमच्या गावाला गाईपुढे हिरवा भारा टाकतात. आणि इथे मशीनने कापलेलं कोवळं गवत मी रोज पोती भरून फेकतोय.

एका शुक्रवारी तो नमाजाला गेला. मी एक पोतं तिच्यापुढे ओतलं. उन्हात तापलेलं. तिने अधाशासारखं खाल्लं.
मी खूश.

तो आला तेव्हा ती जमिनीवर लोळत होती.

"काय घातलंस?"
"गवतच. हिरवंगार."
"अरे गाढवा, कापून तापलेलं गवत पोटात फुगतं. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलं ते गेलं!"

तिला उठवलं आणि चालवत सुटला. पांढऱ्या खडीवरून, भर उन्हात, गोल गोल. बसू देईना; लोळली तर आतडं पिळतं म्हणे.

"डॉक्टर निघालाय. जरा सावलीत थांब," मी म्हटलं.
"तू बाजूला हो."

तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली तरी चालतच होते दोघं. मग ती बसली. परत उठली नाही.

अर्बाब आला. "किसने खिलाया?"

मी तोंड उघडलं. त्याआधी हा बोलला, "मैंने, अर्बाब."

मी तोंड मिटलं.

रूमवर भांडलो त्याच्याशी. खोटं कशाला बोललास?

"तबेला माझा. कडी न लावता गेलो मी. विचारणार मलाच. तू बोललास तर दोघं जाऊ. पोरगी दहावीला आहे ना तुझी? मग गप्प जेव."

आणि मी जेवलो.

आठवड्यात त्याची नोकरी खलास. एक्झिट, तिकीट, विमान. मी अजून इथेच. पोरगी ग्रॅज्युएट झाली.

दर ईदला फोन व्हायचा. त्याने कधी तो विषय काढला नाही. मी काढायला पाहिजे होता. नाही काढला.

समीर, तुझ्या अब्बांनी एकाही जनावराला चुकीचं खायला घातलं नाही. हे आधी आईला वाचून दाखव. मग ग्रुपवर टाक. माझ्या नावासकट.

यासीनभाई, सलाम.

बास. कोणी फोन करू नका. यावर मी आणखी एक शब्द बोलणार नाही.