भाजीच्या सालींतलं ब्लेड

सिंदी मेघे गावातल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज कचरा जळायचा. धुरानं सासूबाईंचा दमा वाढला, तेव्हा मीच घरोघरी फिरले. शाळेत शिकवते म्हणून लोकांनी निदान ऐकून घेतलं. ओला कचरा वेगळा ठेवा, एवढंच मागणं होतं. दारावर भाजी आणणाऱ्या मावशी तो त्यांच्या वावरातल्या खताच्या खड्ड्यासाठी न्यायला तयार होत्या. वीसेक घरांनी होकार दिला. दोन महिन्यांत धूर थांबला. लेआउटच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं, आणि मला ते आवडलंही.

मग मावशी आठवडाभर आल्याच नाहीत. मी त्यांच्या वावरात गेले. उजव्या तळहाताला पट्टी बांधून त्या डाव्या हातानं भेंडी तोडत होत्या.

"साली पसरवून राह्यलती, तं ब्लेड घुसलं," त्या म्हणाल्या. "पाच टाके पडले."

"मले निरोप काऊन नाई पाठवला?"

"तुमाले काय सांगू म्याडम? तुमी थोडीच टाकलं. पन आता मी नाई नेत कचरा."

घरी येऊन मी ग्रुपवर तावातावानं लिहिलं, ज्यानं ब्लेड टाकलं त्यानं पुढे यावं. कुणी पुढे आलं नाही. समोरच्या निवृत्त बाबूंनी मात्र मला फाटकाशी गाठलं. "तिले फुकट खत भेटून राह्यलं होतं, म्याडम. आमच्यावर काऊन चिडता?"

संध्याकाळी चहा घेताना नवरा खाली बघत म्हणाला, "ते आपल्याच घरचं असन. मी घाईत बेसिनजवळचा कचऱ्याचा डबा ओल्याच्या बादलीत उलटा केलता."



दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वावरात गेलो. नवऱ्यानं हात जोडून माफी मागितली. मावशींनी भेंडीची टोपली खाली ठेवली. "सांगाले आले, हे बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन हात माहा होता नं."

प्लॉटवर पुन्हा कचरा जळू लागलाय. आमच्यापुरता आम्ही परसात खड्डा खणला. पण ब्लेड कुणाचं, हे मी ग्रुपवर अजून लिहिलेलं नाही. दोनदा लिहिलं आणि पुसून टाकलं. शेजारीण अधूनमधून विचारते, "म्याडम, ते काम पुन्हा सुरू करा ना." मी हो म्हणत नाही, आणि कारणही सांगत नाही.