जावकताईंचा पासवर्ड

आमच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी खाटा आणि चाकाच्या खुर्च्या तयार होतात. त्या तयार करणारे खाली पत्र्याखाली भाजतात आणि त्यांच्यावर ओरडणारे वर गार केबिनमध्ये बसतात. मी मधल्या मजल्यावर, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या ऐकायला सोयीचा. माझ्या शेजारच्या टेबलावर जावकताई बसायच्या.

खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सत्तावीस वर्षं आवक-जावकचं रजिस्टर सांभाळल्यावर माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतो? आलेला आणि गेलेला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. शिक्का तिरका बसला तरी कागद परत. एकदा फाटकाबाहेर पडलेली मालाची गाडी त्यांनी फोन करून माघारी बोलावली, कारण चलनावर खाटांची संख्या आकड्यात होती, अक्षरी नव्हती. ड्रायव्हर त्यांना जे बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं बोलून? आता अक्षरी लिही." मला हे काम त्यांनीच शिकवलं, अकरा वर्षांपूर्वी, जवळजवळ कान पिळून.

घरी फक्त नवरा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मधुमेहानं डोळे गेले, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून. ताई सकाळी त्याला इन्सुलिन टोचून, दाढीचं सामान हाताला लागेल असं ओळीनं मांडून निघायच्या. घर त्यांच्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

आता आमचे साहेब. यांचं नाव आम्ही 'आत्ताच्या आत्ता' ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आले आणि सगळं मेलवर आणलं. तिथवर ठीक. पण त्यांचा मेल आला की पाच मिनिटांत काम झालंच पाहिजे, नाहीतर जिन्यापाशी लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर तुमचं नाव लाल अक्षरात. मेलला नमस्कार नाही, चमत्कार नाही; दोन ओळींचा हुकूम आणि शेवटी 'कारणं नकोत'. एकदा असाच एक मेल विचित्र वाटला म्हणून ताईंनी केबिनमध्ये जाऊन विचारलं, "साहेब, हे तुम्हीच पाठवलंय ना?" साहेबांनी केबिनचं दार मुद्दाम उघडलं आणि खाली आमच्या सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "माझ्या मेलची चौकशी आता तुम्ही करणार? वाचता येत नसेल तर घरी बसा!" त्या दिवशी ताईंचं नाव पहिल्यांदा फळ्यावर लागलं. त्यानंतर आमच्या मजल्यावर कुणीही, कधीही, काहीही विचारलं नाही. चोराला आणखी काय हवं असतं?

मंगळवारी सव्वाअकराला साहेबांच्या खात्यावरून ताईंना मेल आला. 'मेलची जागा भरली आहे. खालच्या लिंकवर पासवर्ड टाका. आत्ताच्या आत्ता. कारणं नकोत.' ताई माझ्याकडे वळल्या. "तुला आलाय का रे असा?"

"नाही आला," मी म्हटलं. "पण टाका की पासवर्ड, ताई. उगाच फळ्यावर कशाला जाताय?"

त्यांनी टाकला.

दुपारी तीनपर्यंत ताईंच्या खात्यावरून एकशे ऐंशी दवाखान्यांना मेल गेले होते: 'सोबतचं चलन तातडीनं उघडा.' आणि लोकांनी उघडलं, कारण जावकताईंच्या चलनावर डोळे मिटून सही करायची सवय. एका दवाखान्यातले सगळे संगणक बंद पडले. तिथला स्टोअरवाला, वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, फोनवर ताईंना "लाज वाटते का?" असं विचारत होता. ताई उभ्यानं ऐकत होत्या आणि आलेला प्रत्येक फोन वेळेसकट रजिस्टरात नोंदवत होत्या. आमच्या मजल्यानंही काही कमी केलं नाही. कालपर्यंत त्यांच्या डब्यातलं खाणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी डबे घेऊन पलीकडच्या टेबलावर गेल्या. "म्हातारीनं सगळ्यांना खड्ड्यात घातलं," हे तर मी माझ्या कानानं ऐकलं.

गुरुवारी संगणक दुरुस्तीवाल्यानं मला जिन्यात गाठलं. "ताईंचं खातं नंतर गेलं," तो हळूच म्हणाला. "आधी साहेबांचं फुटलं. चोर आठ दिवस त्यांच्या खात्यात बसून त्यांचे मेल वाचत होता. म्हणून तर इतकं हुबेहूब लिहिलं."

"मग सांग की वर!"

"सांगितलं. साहेबांनाच." तो हसला. त्या हसण्यावर मी एक ठेवून देणार होतो. "माझं कंत्राट त्यांच्या सहीनं चालतं. आता तुम्ही बघा काय ते."

मी बघितलं. शुक्रवारी चौकशी होती. मालक, साहेब, ताई आणि शेजारी बसणारा म्हणून मी. साहेबांनी ताईंपुढे कागद सरकवला: 'माझ्या निष्काळजीपणामुळे कंपनीची बदनामी झाली, सबब मी राजीनामा देत आहे.' ताईंनी तो दोनदा वाचला.

"मेल तुमच्या खात्यावरून आला होता, साहेब."

"माझ्या नावाचा मेल कुणीही बनवू शकतं! शेंबड्या पोरालाही कळतं ते."

मालक माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही माहीत आहे?"

सगळं माहीत होतं. शब्द अगदी ओठांवर होते. साहेब माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, आपली नखं बघत होते; माझी लायकी त्यांना पक्की ठाऊक होती. मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही." इथं थांबलो असतो तर निम्माच हरामखोर ठरलो असतो. पण साहेबांनी विचारलं, "पासवर्ड टाकण्याआधी यांनी कुणाला विचारलं होतं?" आणि मी म्हटलं, "नाही."

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग सही केली, खाली तारीख घातली.

टेबल आवरायला त्यांना दहा मिनिटं लागली. कुणी जागचं उठलं नाही. मी जिन्यापर्यंत मागं गेलो आणि म्हटलं, "ताई, मलाही घर आहे हो. माझा नाइलाज होता."

त्या थांबल्या. आवाज चढवला नाही. "ज्यानं मला फसवलं, त्यानं मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझं काय?"

आणि उत्तरासाठी न थांबता त्या जिना उतरून गेल्या.