चाक बोलत होतं

सुनांनो, माझा पानाचा डबा आज मोटारीत ठेवायले कोण विसरलं? आता ही चिठ्ठी वाचायले तरी विसरू नका. मी सांगून राह्यली, बहिणीची नात लिहून राह्यली.

बहिणीचं आता काही खरं नाही असा निरोप आला म्हणून निघालो, तं राळेगावच्या वाटेवर मोटार खडखड करायले लागली. आपल्या वसंतानं झाकण उघडून इंजिनाचा सारा संसार रस्त्यावर मांडला. मी म्हटलं, "बाबू, आवाज चाकाचा आहे."

"आई, हे काय बैलबंडी आहे?"

घंटा गेला, आवाज तोच. मग उतार आला. "इंजिन बंद कर!" मी ओरडली. इंजिन चूप, गाडी आपसूक घरंगळून राह्यली, अन् खडखड चालूच! उतरून पाह्यलं तं सकाळी पंक्चर झालं म्हणून बदललेलं चाक. नट ढिलेच. पाच मिनिटांत आवळले.

पोहोचलो तवा बहिणीचे डोळे मिटून अर्धा घंटा झाला होता. सकाळपासून दाराकडे पाहून राह्यली होती म्हणे.

जन्मभर बैलबंडीत बसलेल्या बाईचे कान मोटारीत बसले की बहिरे होतात काय, सांगा मले?

चिठ्ठी वसंताच आणून राह्यला. त्यालेच मोठ्यानं वाचायले लावा. या घरची चूल आज पेटणार नाही. बारा माणसांची भाकर अन् झुणका त्याच गाडीत पाठवा, चाक पाहून.